तुझ्या खुन्याला टाळी नाही

सर्व संबंधितांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, इंदूरच्या मराठी रंगभूमीवरचे तमाम खुनी, गळा दाबणारे, विष कालवणारे आणि पाठीमागून येणारे यांच्यावरचा कडक पहारा गेल्या महिन्यात उठला आहे. यापुढे त्यांना रंगमंचावर गडगडाटी हसण्याची, काळा कोट घालण्याची आणि मारण्यापूर्वी स्वतःच्या दुःखी बालपणावर भाषण करण्याची पूर्ण मोकळीक आहे. हरकत घेणारी एकच बाई होती. ती आता नाही.

विजूताई, हे मी तुझ्या शोकसभेत वाचणार होतो. आपल्या नाट्यमंडळाच्या लोकांनी वाचू दिलं नाही. प्रसंग काय, तुम्ही बोलताय काय, म्हणाले. मग सगळ्यांनी तू किती प्रेमळ होतीस, किती साधी होतीस ते सांगितलं. तू जन्मभर हौसेने माणसं मारलीस, आणि तीही आमच्याच स्वयंपाकघरांत, हे एकाच्याही तोंडून निघालं नाही. म्हणून आता इथे लिहितो. तुला आवडलं नाही तरी तू काही करू शकत नाहीस. ही परिस्थिती मला नवीन आहे आणि मी तिचा पुरेपूर फायदा घेणार आहे.

आठवडाभर तू कोर्टात बसून खऱ्या खुन्यांचे जबाब लघुलिपीत उतरवायचीस आणि रविवारी मल्हारगंजात गादीवाल्याच्या वरच्या खोलीत आम्हाला तुझ्या नाटकांतले खोटे खून शिकवायचीस. खाली कापूस पिंजायचं मशीन, वर आमची तालीम. कुणाच्या गळ्याशी हात नेला की मला हमखास शिंक यायची. मी चिडायचो, तू नाही. “येऊ दे रे. खुन्याला काय सर्दी होत नाही?” म्हणायचीस आणि शिंक संहितेत लिहून टाकायचीस.

मी तेव्हा भंवरकुआंला कोचिंगमध्ये नुकतं इंग्रजी शिकवायला लागलो होतो आणि मला नायक व्हायचं होतं. ते नाही तर निदान भयंकर तरी दिसायचं होतं. तू मला पहिल्याच भेटीत खुनी केलंस. मी खूश. माझ्या डोळ्यांत काही तरी दिसलं असणार, असं समजून मी कारण विचारलं. “डोळे नाही रे. तुझा चेहरा विम्याच्या एजंटासारखा आहे,” तू म्हणालीस. “माणूस सही करून मोकळा होतो.” मी आठवडाभर तुझ्याशी बोललो नव्हतो. तुला ते कळलंही नाही, कारण तालीम रविवारीच असायची.

तो कोर्टातला प्रसंग तू मला एकदाच सांगितलास. एकामागून एक बायकांना मारल्याचा आरोप असलेला माणूस कठड्यात उभा होता. पुढे त्याला शिक्षाही झाली. दुपारची वेळ, पंख्याने तुझे कागद उडत होते आणि तू एका हाताने ते दाबून लिहीत होतीस. तो कठड्यातून हळूच म्हणाला, “ताई, पंखा कमी करायला सांगू का?” तू मान वर केलीस आणि त्याला थँक यू म्हणालीस. “तोंडातून निघून गेलं रे, शिरू,” तू मला म्हणालीस. “त्याच्या हातात हात गेला असता तरी मला कळलं नसतं.” त्यानंतर तुझ्या नाटकांतला एकही खुनी दुष्ट दिसला नाही. सगळे पंखा कमी करणारे.

आणि मग आमची बौद्धिकं. पोहे खाता खाता तू जगातले सगळे खुनी आमच्यापुढे मांडायचीस. पोह्यांवर जीरावनचा मसाला भुरभुरवत सुरुवात ठगांपासून. आपल्या माळव्यातल्या वाटांवरून वाटसरूंबरोबर दिवसच्या दिवस चालायचे, एकत्र जेवायचे, एकमेकांच्या गुडघेदुखीची चौकशी करायचे. गळ्याला रुमाल सगळ्यात शेवटी. “आणि गोष्टीवाल्यांनी काय उचललं?” तू विचारायचीस. “रुमाल. ते जेवण कुणी उचललं नाही.”

तिथून तू विलायतेत जायचीस. तिथला तो धुक्यातला, बायकांना मारणारा आणि कधीच न सापडलेला. सापडलाच नाही, म्हणून त्याला चेहराच नाही. मग लिहिणाऱ्यांनी त्याला उंच टोपी दिली, झगा दिला, डॉक्टरची बॅग दिली, काहींनी तर सरदार घराण्यात दत्तकही दिला. “मेलेल्या बायकांना मात्र कुणी एक शालही दिली नाही,” तू म्हणायचीस. मग अमेरिकेतला तो देखणा, खोटं प्लास्टर घातलेला हात गळ्यात बांधून मुलींकडे मदत मागणारा. ते प्लास्टर पडद्यावरच्या खुन्यांनी लगेच उसनं घेतलं आणि वर त्याला अफाट बुद्धी जोडली, संगीताची आवड जोडली, उंची दारू जोडली. खरा काही तेवढा हुशार नव्हता, त्याला पकडायला गेलेलेच ढिले होते, असं तुझं मत. आणि म्हाताऱ्या पेशंटांना इंजेक्शन देऊन मारणारा तो घरचा डॉक्टर? त्याच्यावरून कुणी मोठा खलनायक उभा केला नाही, कारण त्यात बघण्यासारखं काय? म्हातारी खुर्चीत बसलेली आणि शेजारी चहा थंड झालेला.

“खऱ्यांची पद्धत म्हणजे भरवसा,” तू म्हणायचीस. “हत्यार मागून येतं. नाटकवाले हत्यार घेतात, कारण ते शेवटच्या रांगेतून दिसतं.”

तू स्वतः मात्र खऱ्या प्रकरणातली पद्धत जशीच्या तशी कधी घेतली नाहीस. एक कडी काढून तिथे दुसरी घालायचीस, म्हणजे कुणी शिकायला आला तर तिथेच अडकेल. आणि तुझा दुसरा नियम तर सगळ्या शहराला माहीत होता. मरणारीच्या गॅसवर काय ठेवलंय ते ठरल्याशिवाय तू पुढचं पान लिहायची नाहीस. तो गॅस, तो ओटा, सगळं आमच्यापैकीच कुणाचं तरी. मारणाऱ्याचं बालपण कुणी विचारलं की तू म्हणायचीस, त्याचं त्याच्या वकिलाला विचारा, मला हिच्या वरणाचं बघू द्या.

माझ्या आईचं स्वयंपाकघर तू दुसऱ्याच नाटकात घेतलंस. ओट्यावरचा तिचा रेडिओ, त्याला बांधलेलं रबरबँड, खिडकीत वाळत घातलेली दुधाची पिशवी, सगळं तसंच. आई पहिल्या रांगेत बसून स्वतःचा खून बघत होती आणि खून करणारा मी. मध्यंतरात ती तुझ्याकडे आली. मला वाटलं आता काही खरं नाही. ती म्हणाली, “विजू, भाजीत गूळ घालायचा राहिला तिचा.” पुढच्या प्रयोगापासून मरण्याआधी गूळ घालायचं तू लिहिलंस. आई गेल्यावर मला तिचा फोटो बघून काही होत नाही. गुळाचा डबा उघडला की होतं. हे तुला सांगायचं राहिलं.

तर असा तुझा मान होता. आपल्या ओट्यावर खून व्हावा म्हणून बायका आशेने असायच्या. जोगळेकर वहिनी तर उघड रुसल्या होत्या. इतकी वर्षं मंडळात आहे, प्रत्येक वेळी मरते मी आणि ओटा दुसरीचा, माझ्या ओट्यात काय कमी आहे, असं त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या होत्या.

आपलं भांडण एकच, पण ते आपण नीट जपलं. मला खलनायकाला हसू हवं होतं. दारात उभा राहिला की मागून उजेड, खांद्यावर कोट, एक थांबा, मग पोटातून वर येणारं हसू, आणि हॉलमधून टाळी. मी ते दर नाटकाच्या पहिल्या तालमीला करून दाखवायचो. तू कोपऱ्यातून विचारायचीस, “पोटात दुखतंय का?” बस. कोट उतरायचा, हसू उतरायचं, आणि मी पुन्हा विम्याचा एजंट.

शेवटच्या नाटकाचं वाचन तू जुन्या इंदुरात तुझ्या घरी ठेवलंस. फक्त मला बोलावलंस, आणि वाचलीस तीही फक्त खुन्याची पानं. तुझा या वेळचा खुनी हातात लग्नपत्रिका घेऊन यायचा. मी ऐकूनच सर्द झालो, कारण ही आपली नस तू बरोबर पकडली होतीस. पांढरा झब्बा घालून, पत्रिकेला कुंकू लावून कुणी दारात उभं राहिलं तर ‘आपण कोण’ हे विचारायची इंदूरच्या मराठी घरात कुणाची छाती आहे? देवासचे असतील, ग्वाल्हेरचे असतील, यांच्या आत्येबहिणीकडचे असतील. आपण आत घेतो, पाणी देतो, काकू कशा आहेत म्हणून विचारतो, आणि ते जाईपर्यंत आडनावाचा अंदाज बांधत बसतो. कोर्टातला तो असाच यायचा का, मी विचारलं. तो निराळ्या बहाण्याने यायचा, तो बहाणा सांगणार नाही, तू म्हणालीस. पण न विचारण्याची लाज तीच.

वाचनात तुमची बेल सारखी वाजत होती. ती चिमणीच्या आवाजाची बेल. एकदा इस्त्रीवाला, एकदा शेजारची दही मागायला, एकदा कुणीच नाही. दर वेळी तू पान उलटं ठेवून उठलीस. तुझे यजमान, आप्पा, समोरच आरामखुर्चीत पेपर वाचत होते. दाराच्या तुझ्यापेक्षा जवळ. पेपर हललाही नाही. मी त्यांच्याकडे बघतोय हे बघून तू म्हणालीस, “यांच्यावर विसंबून राहिले तर झालंच. खुनी येऊन आधी पाणी मागेल, मग पेपर मागेल. हे पेपरही देतील, पण वर बघायचे नाहीत.” आप्पा पेपरामागून म्हणाले, “आतलं पान देईन. पहिलं नाही.”

मी त्या दिवशी पूर्ण तयारीने आलो होतो. म्हटलं, ताई, माणूस दिवसभर ऑफिसात मरून आमच्याकडे येतो. त्याला शिंगं असलेला खलनायक दाखवणं हे पुण्याचं काम आहे. दुरून ओळखता येतो, त्याच्यावर टाळी वाजवता येते, आणि घरी जाऊन शांत झोपता येतं. तू का त्यांची झोप उडवतेस? तू चष्मा काढलास, चमच्यांच्या स्टँडमध्ये ठेवलास, कारण तुझा चष्मा नेहमी तिथेच जायचा आणि मग तू तो घरभर शोधायचीस. मग म्हणालीस, “तेच तर, शिरू. दुरून ओळखता येतो असं वाटलं की बाई दार उघडते.”

वाक्य चांगलं आहे. पण वाक्य चांगलं म्हणजे पटलं असं नाही, हे मी तेव्हाही म्हणालो होतो. मग तूच पैज लावलीस. पहिल्या प्रयोगाला माझ्या प्रवेशावर टाळी पडली तर मी जिंकलो. हॉलमधून कुणी आपणहून ‘उघडू नको’ म्हणालं तर तू.

आणि मग तू गेलीस. पैज तशीच टाकून. याला आमच्याकडे पळून जाणं म्हणतात.

तेराव्यानंतर मंडळाची बैठक झाली. प्रयोगाचा हॉल आधीच घेतलेला होता. मंदार आता सचिव आहे. चांगला आहे, कामसू आहे, तू त्याला नाही म्हणायला शिकवलं नाहीस एवढाच दोष. तो म्हणाला, “काका, नाटक करूच अपन, ताईंना श्रद्धांजली. पण मतलब थोडं अपडेट करू ना. आता पब्लिक मोबाईलवर काय काय किलर बघते. याचं चाइल्डहुड दाखवू, आई मारायची वगैरे. आणि तुमची एन्ट्री एकदम धांसू.” त्याने पिशवीतून कोट काढला. काळा, लांब, आतून लाल अस्तर. मी जन्मभर ज्या कोटाचं स्वप्न बघितलं तोच.

ताई, मी तो घातला. का घालू नये? गादीवाल्याच्या खोलीत आरशासमोर उभा राहिलो आणि खरं सांगतो, मी सुंदर दिसत होतो. मग हसलो. पोटातून, पूर्ण, जसं नेहमी मनात होतं तसं. खालचं मशीन बंद पडलं. गादीवाला जिन्यातून वर बघायला लागला, ऊपर सब ठीक है ना भिया? मंदारने टाळी वाजवली. त्याच्यामागून सगळ्यांनी वाजवली.

आणि मी कोपऱ्याकडे बघत थांबलो. पोटात दुखतंय का, हे कुणीच विचारलं नाही.

मी तसाच उभा. घाम यायला लागला. टाळी संपली, तरी मी थांबलोय. मग माझ्या लक्षात आलं की हे असंच राहणार. आता मी कितीही मोठ्याने हसलो तरी चालणार आहे. याच्याइतकी फालतू गोष्ट माझ्यासोबत कधी झाली नव्हती. तू समोर असताना मला तुला हरवायचं होतं. तू उठून गेल्यावर रिकाम्या खुर्चीसमोर जिंकण्यात मला रस नाही. मी कोट उतरवला आणि म्हणालो, नाटक लिहिलंय तसं होईल. बालपण नाही, हसू नाही, कोट नाही. जमत नसेल तर दुसरा खुनी शोधा. मंदार म्हणाला, पण काका, तुम्हीच तर नेहमी म्हणायचात की एन्ट्रीला टाळी पाहिजे. मी म्हटलं, अजूनही म्हणतो. तिच्याशी म्हणतो. तुझ्याशी नाही.

बराच वाद झाला. पब्लिक येणार नाही, आली तर उठून जाईल, ताईंच्याच नावाला बट्टा लागेल, असं सगळं झालं. वहिनी एकट्या माझ्या बाजूने होत्या. त्यांची बाजू निराळीच होती. त्यांना अखेर वाटत होतं की या नाटकातला ओटा त्यांचा आहे.

तो भ्रम पहिल्या तालमीत गेला. वहिनी संहितेबरहुकूम एकेक करत होत्या. एका गॅसवर आमटी. दुसऱ्यावर नवऱ्याच्या चहाचं पाणी, जे उकळून उकळून आटत चाललंय. नवरा रंगमंचावर नाहीच, आतून फक्त पेपर उलटल्याचा आवाज. मग वहिनींनी कणकेचे हात जपत चष्मा काढला, आणि लिहिल्याप्रमाणे चमच्यांच्या स्टँडमध्ये ठेवायला गेल्या. तिथे थांबल्या. चष्मा हातात तसाच. आम्हीही थांबलो. संहितेत पुढे लिहिलं होतं, बेल, चिमणीची.

सगळ्यांचे ओटे झाल्यावर तू या वेळी स्वतःचा घेतला होतास, आणि कुणाला सांगितलं नव्हतंस. वहिनींनी पदराने डोळे पुसले आणि म्हणाल्या, चला, पुढे. माझा तेवढा राहिलाच.

प्रयोगाला आप्पांना आणावं की नाही, यावर पुन्हा एक बैठक. मी म्हणालो, आणू नका. आप्पांनाच विचारायला गेलो तर ते म्हणाले, “तिच्या सगळ्या नाटकांना झोपलोय मी. याला काय घरी झोपू?” तिसऱ्या रांगेत, कडेची खुर्ची, नेहमीची. घंटा झाली, पडदा उघडला आणि त्यांची मान खाली गेली. हॉल भरलेला होता. मंदारसाठी हे सांगतोय.

आता निकाल. ऐक, आणि लगेच हसू नकोस.

दाराच्या एका बाजूला वहिनी, तुझा ओटा, तुझी आमटी, चमच्यांत तुझा चष्मा. दुसऱ्या बाजूला मी. पांढरा झब्बा, हातात पत्रिका. मागून उजेड नाही. मी आलो, चपला नीट बाजूला काढल्या आणि बेल दाबली. टाळी पडली नाही. एकही नाही. एवढी शांतता मला आयुष्यात कुठल्याही एन्ट्रीला मिळालेली नाही. आतून पेपर उलटल्याचा आवाज आला. मी पुन्हा बेल दाबली. चिमणी पुन्हा चिवचिवली. वहिनींनी हात पुसले आणि दाराकडे निघाल्या. मला वाटलं, आता कुणी तरी म्हणेल. उघडू नको म्हणेल. पण तेही कुणी म्हणालं नाही. तेव्हा नियमाने बघितलं तर टाळी नाही आणि ‘उघडू नको’ही नाही. पैज रद्द. मी हरलेलो नाही, ताई, हे मी तुला ठणकावून सांगतोय आणि वर आलो की पुन्हा सांगणार आहे.

फक्त एक झालं. तिसऱ्या रांगेत कडेची खुर्ची वाजली. आप्पा जागे झाले होते, पुढच्या खुर्चीची पाठ धरून उभे राहिले होते आणि दाराकडे बघत होते. वहिनींचा हात कडीवर तसाच थांबला. आणि आप्पा घरात बोलावं तसं, सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं म्हणाले,

“तू बैस, विजू. मी बघतो कोण आहे.”